पारा ती म्हणजे तिच्यासाठी नव्हे

"ला काखा रोखा एस पारा ती." एवढंच वाक्य होतं, लाल डबा अमक्यासाठी आहे असं. आणि त्या एका वाक्यापायी एक पार्सल बेळगावातनं पुण्याला गेलं, पुण्याहून परत आलं, नऊ दिवस गेले, साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं की मॅडम तुम्हाला खरंच स्पॅनिश येतंय की नुसतं मोबाईलवर टिकटिक करताय, आणि मी आपली मान खाली घालून उभी.

थोडं मागचं सांगते. मी उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये एक्स्पोर्टची कागदं बघते, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल वगैरे. राहायला शहापुरात. कास्टिंग फाउंड्रीतनं येतं, आमच्याकडं मशिनिंग होतं आणि त्यातला बराच माल मेक्सिकोला जातो. तिकडचा पर्चेसवाला इंग्लिश बोलतो पण घाईत असला की सरळ स्पॅनिशवर घसरतो, जसा आमचा स्टोअरवाला चिडला की मराठी सोडून कन्नडवर येतो तसंच. आपले रात्रीचे आठ म्हणजे मेक्सिको सिटीत सकाळचे साडेआठ, त्यामुळं तो नुकताच कॉफी पिऊन ताजातवाना आणि आम्ही इकडं दिवसभर पिचलेले, अशा वेळी कॉल. दर कॉलला कुणीतरी ट्रान्सलेटर उघडून बसायचं, ते काय खरं नव्हं. म्हटलं आपणच शिकूया. बेळगावात भाषेची भीती तशी कुणाला नसते हो, घरात मराठी, शॉपफ्लोअरवर कन्नड, साहेबांशी हिंदी, मेल इंग्लिशमध्ये, भाजीवालीशी दोन्ही मिसळून. पाचवी आली तर काय बिघडलं.

आणि सुरुवात तशी झकास झाली. एक गोष्ट मुद्दाम सांगते, आपल्याला स्पॅनिशचे उच्चार फुकटात मिळतात. त्यांचा त हा आपला त, द हा आपला द, दाताला जीभ लावून. ऑनलाइन क्लासमधले बाकीचे इंग्लिश वळणानं 'टू' 'टू' करत बसायचे आणि मी पहिल्याच दिवशी 'तू' म्हटलं तर मास्तरीणबाई खूश. तू म्हणजे तूच! मला वाटलं ही तर मावसबहीण निघाली. तिथंच फसले.

तर तो कॉल. मेक्सिकोहून दोन डबे कुरियरनं आले होते, एक लाल, एक निळा, दोन्हीत फोमच्या खाचेत बसवलेली प्लग गेज. प्लग गेज माहीत नसेल त्यांच्यासाठी, स्टीलची छोटी दांडी असते, एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो. भोकात गो गेलं पाहिजे आणि नो-गो अडकलं पाहिजे, मग भोक बरोबर. एक डबा आमच्याकडं ठेवायचा होता आणि दुसरा पुण्याच्या इन्स्पेक्शनवाल्या बाईंना पाठवायचा होता. त्या बाई पण कॉलवर होत्या. पर्चेसवाला म्हणाला, ला काखा रोखा एस पारा ती, पुढं निळ्याबद्दल काहीतरी म्हणाला आणि नेमकं नेट गेलं. आणि मी, दोन महिने क्लास केलेली, 'पारा' म्हणजे साठी हे पाठ असलेली, अगदी आत्मविश्वासानं वहीत लिहिलं की लाल डबा तिच्यासाठी. ती म्हणजे ती बाई, दुसरं कोण? दुसऱ्या दिवशी लाल डबा पुण्याला रवाना.

'ती' म्हणजे स्पॅनिशमध्ये तू. म्हणजे तुझ्यासाठी. म्हणजे माझ्यासाठी! तिच्यासाठी म्हणायला तो 'पारा एया' म्हणाला असता, आणि निळ्याबद्दल बहुतेक तेच म्हणत होता.

त्या रात्री मी वही काढून बसले आणि सगळी सर्वनामं एका खाली एक लिहिली आणि खरं सांगते डोकंच फिरलं. यो म्हणजे मी. मी म्हणजे कधी माझा आणि कधी मला-माझ्या. ती म्हणजे तुझ्या. तू म्हणजे तू. एल म्हणजे तो आणि एया म्हणजे ती. हे कुणा मराठी माणसाला मुद्दाम छळायला बनवलंय की काय असं वाटलं. इंग्लिश माणसाला हा त्रास नाही बघा, त्याच्या कानाला 'ती' ऐकून फार तर चहा आठवेल, आपल्याला सरळ एक बाई दिसते.

दोन-तीन दिवस मी घरात भांडी घासताना मोठ्यानं म्हणत होते, पारा ती, सिन ती, दे ती, सोब्रे ती, म्हणजे तुझ्यासाठी, तुझ्याशिवाय, तुझ्याबद्दल, तुझ्यावर. आई ऐकून ऐकून शेवटी म्हणाली, "कोण गं ती? दोन दिवस झालं ती ती करालैस, ऑफिसात भांडण झालंय काय कुणाशी?" म्हटलं नाही गं, ती म्हणजे तू. तर म्हणाली, "मी काय केलो?" (आमच्याकडं बायकासुद्धा 'मी केलो, मी जातो' असंच बोलतात, मी इथं लिहिताना 'केले' लिहिते पण घरात तोंडातनं 'केलो'च येतं. आमच्या बोलीत मी बाई का बाप्या हे क्रियापदावरनं कळतच नाही आणि आमचं काही अडत पण नाही.)

क्लासमध्ये हा धडा इंग्लिशमधनं शिकवला होता. तक्ता होता, फॉर मी म्हणजे पारा मी, विथ मी म्हणजे अमुक, विदाउट यू म्हणजे तमुक. इंग्लिशमधला 'मी' आणि स्पॅनिशमधला 'मी' ऐकायला एकच असल्यामुळं तेवढं एक सोपं गेलं पण बाकी सगळं नुसतं पाठांतर आणि पाठांतर माझ्या डोक्यात दोन दिवसांच्या वर राहत नाही. परीक्षेला 'पारा यो' लिहिलं, 'सिन तू' लिहिलं, लाल शाई, गोळे.

डोक्यात प्रकाश पडला तो स्टोअरमध्ये. आमचा स्टोअरवाला खिडकीतनं हात काढून म्हणाला, "मॅडम, आ चलन ननग कोडरी." ते चलन मला द्या. आणि मागनं कुणीतरी पोरगा हाक मारतोय "नन्न जोडी बर्री", माझ्याबरोबर या. आणि मी तिथंच चलन हातात धरून थांबले. नानु म्हणजे मी. पण मला म्हणताना 'नानुग' नाही म्हणत, ननग म्हणतात. माझ्याबरोबर म्हणताना 'नानु जोडी' नाही, नन्न जोडी. नीनुचं निनग, निन्न. मराठीत पण तेच की! 'मीसाठी' म्हणतो का आपण? मी-चं माझ्या होतं, मग साठी लागतं. तू-चं तुझ्या होतं. तो-चं त्याच्या, ती-चं तिच्या. शाळेत सामान्यरूप म्हणून शिकवलं होतं, प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागायच्या आधी शब्द आपला आकार बदलतो, घोडा-घोड्या, मुलगा-मुला. मला वाटायचं हे नुसतं मार्कांपुरतं असतं. यो-चं मी होणं म्हणजे मी-चं माझ्या होणं, एवढंच तर आहे! फरक इतकाच की आपलं 'साठी' मागनं येऊन शब्दाला ढकलतं आणि त्यांचं 'पारा' पुढं उभं राहून ओढतं.

आणि गंमत म्हणजे त्यांचं आपल्यापेक्षा सोपं आहे. आपल्याकडं झाडून सगळी सर्वनामं बदलतात. त्यांच्याकडं फक्त दोन, यो-चं मी आणि तू-चं ती. बाकी जसंच्या तसं. पारा एल त्याच्यासाठी, पारा एया तिच्यासाठी, पारा उस्तेद अहो-जाहोवाल्या तुमच्यासाठी, पारा नोसोत्रोस आमच्यासाठी, पारा एयोस त्यांच्यासाठी. नोसोत्रोसमध्ये आपलं 'आम्ही' पण येतं आणि 'आपण' पण येतं, म्हणजे गटात समोरचा धरला का वगळला ते कळत नाही, हे मला जरा गैरसोयीचं वाटतं, पण असो. स्पेनमध्ये 'तुम्ही लोक' साठी बोसोत्रोस म्हणतात, मेक्सिकोकडं उस्तेदेस, मी आपलं उस्तेदेसच धरलंय कारण पैसे मेक्सिकोहून येतात.

त्या दिवसापासनं मी इंग्लिश तक्ता सोडला. आधी मराठीत म्हणायचं, माझ्या की मी? तोंडात 'माझ्या', 'तुझ्या' आलं की स्पॅनिशमध्ये मी, ती. नुसतं 'मी', 'तू' आलं की यो, तू. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलं की हाच धंदा, स्कूटर बंद करून हेल्मेटच्या आत पुटपुटायचं. मालगाडी असली तर सगळी अव्ययं होतात. आ, आन्ते, बाखो, कोन, कोन्त्रा, दे, देस्दे, एन, एन्त्रे, आस्या, आस्ता, पारा, पोर, सेगून, सिन, सोब्रे, त्रास. तिकडची पोरं शाळेत ही यादी पाढ्यासारखी घोकतात, त्यात 'काबे' आणि 'सो' अशी दोन मेल्यातच जमा अव्ययं पण असतात जी आता सहसा कुणी बोलत नाही. शेवटचा 'त्रास' मला फार आवडला, अर्थ आहे मागे. त्रास ती, तुझ्यामागे त्रास. चांगलं लक्षात राहिलं.

आता कोन. कोन म्हणजे बरोबर, सोबत. सगळं नीट चाललं होतं म्हणून मी आपलं नियमानं लिहिलं 'कोन मी', 'कोन ती'. परत लाल गोळा. तिथं होतं कोन्मीगो आणि कोन्तीगो. एकच शब्द. पण त्याच्याबरोबर म्हणायला सरळ कोन एल, तिच्याबरोबर कोन एया, आमच्याबरोबर कोन नोसोत्रोस. म्हणजे परत त्याच दोघांना खास वागणूक. हे 'गो' कुठनं आलं म्हणून मी बाईंना विचारलं तर म्हणाल्या तसंच असतं, पाठ करा. माझं 'तसंच असतं' वर समाधान होत नाही, लहानपणापासनं खोड आहे, शोधत बसले.

तर झालंय असं की लॅटिनमध्ये 'बरोबर' साठी कुम होतं, आणि इतर शब्दांच्या ते पुढं यायचं पण मी, तू अशा काही सर्वनामांना मात्र मागनं चिकटायचं. मे-कुम, ते-कुम. म्हणजे माझ्या-बरोबर, तुझ्या-बरोबर, अगदी मराठी पद्धतीनं मागनं! मग शेकडो वर्षं बोलून बोलून मेकुम झिजलं आणि त्याचं मीगो झालं. झिजल्यावर लोक विसरले की त्या 'गो'मध्येच 'बरोबर' लपलाय, मग त्यांनी पुढनं आणखी एक कोन लावला. कोन-मी-गो. बरोबर-माझ्या-बरोबर. हे वाचून मी एकटीच हसले, कारण हे तर आपलं गाईचं गोमूत्र आणि पिवळा पितांबर झालं की हो! शाळेत ते चूक म्हणून मार्क कापायचे आणि इकडं अख्खी भाषा तेच बोलतेय.

कॅम्पात माझ्या मैत्रिणीच्या घरी एक आज्जी आहेत, मूळच्या गोव्याच्या, १९६१ च्या आधी लहानपणी पोर्तुगीज शाळेत गेलेल्या. ऐंशीच्या घरात आहेत पण खणखणीत. मी सहज त्यांना म्हटलं आज्जी मी स्पॅनिश शिकतेय, कोन्मीगो म्हणजे माझ्याबरोबर. तर लगेच म्हणाल्या, "कुमीगु! आमचें कुमीगु, कोन्तीगु," आणि मग बोटं मोजत पुढं, "कोनोश्कु." म्हणजे आमच्याबरोबर साठी पण पोर्तुगीजमध्ये तो जोडशब्द जिवंत आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये पण तसा होता, पुढं गळाला आणि साधं कोन नोसोत्रोस राहिलं. इतकी वर्षं पोर्तुगीज बोलायला कुणी नाही तरी ते त्यांच्या तोंडात तसंच होतं. मग त्यांनी मला एक पूर्ण प्रार्थना म्हणून दाखवली, ती मला कळली नाही, पण दोनदा कोन्तीगु आल्यासारखं वाटलं.

कोन्मीगोसाठी माझी स्वतःची युक्ती मात्र त्या दळभद्री लाल डब्यातनं आली. कोन मी: नो-गो. कोन्मीगो: गो. गेज लावून बघायचं. वहीत असंच लिहिलंय, खाली गेजचं चित्र काढून. (तिसरा एक भाऊ आहे कोन्सीगो, स्वतःबरोबर अशा अर्थी, तो मला अजून एकदाही लागला नाही.)

मग आले अपवाद, आणि इथं मला वाटलं आता संपलं. एन्त्रे म्हणजे मध्ये, पण 'तुझ्यामाझ्यात' म्हणताना एन्त्रे ती ई मी नाही, एन्त्रे तू ई यो. सेगून म्हणजे मते, पण सेगून ती नाही, सेगून तू. एक्सेप्तो म्हणजे सोडून, एक्सेप्तो तू. आस्ता म्हणजे पर्यंत, पण 'अगदी मीसुद्धा' अशा अर्थानं आला की आस्ता यो. इन्क्लूसो यो म्हणजे मीसुद्धा, मेनोस तू म्हणजे तू सोडून. क्लासमध्ये ही वेगळी यादी दिली, परत पाठ करा.

मी म्हटलं थांब, आधी मराठीत बोलून बघू. तू सोडून सगळे आले. आता इथं आपण 'तुझ्या सोडून' म्हणतो का? नाही, तू सोडून. मीसुद्धा गेले होते. 'माझ्यासुद्धा गेले' म्हणतो का? नाही. मीसुद्धा, मीपण. म्हणजे जिथं तो माणूस स्वतः काहीतरी करणारा आहे, वाक्यातला कर्ता किंवा कर्त्याच्या पंगतीत बसलेला, तिथं आपण पण त्याला वाकवत नाही! एक्सेप्तो तू म्हणजे तू सोडून, आस्ता यो म्हणजे मीसुद्धा, डिट्टो. सेगून तू जरा ओढून आणावं लागतं, 'तुझ्या मते' म्हटलं तर फसतं, पण 'तू म्हणतोस त्याप्रमाणं' म्हटलं की बसतं. एन्त्रे तू ई यो पण 'तुझ्यामाझ्यात' म्हटलं की नो-गो, 'तू आणि मी मिळून' म्हटलं की गो. शंभर टक्के जुळतं असं नाही म्हणत मी, व्याकरणवाले मला झोडपतील, पण नव्वद वेळा काम होतं आणि मला कॉलवर बोलायचंय, प्रबंध लिहायचा नाही.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथं मराठीच खड्ड्यात घालते, ते सांगून ठेवते. माझ्यासारखा, माझ्यापेक्षा. आपल्याकडं 'माझ्या' आलं म्हणून मी बिनधास्त 'कोमो मी' आणि 'मास के मी' लिहिलं. चूक. कोमो यो, मास के यो. कारण कोमो आणि के ही त्यांच्या हिशेबानं अव्ययांच्या त्या यादीतली नाहीतच, तिथं 'मी जसा आहे तसा', 'मी आहे त्यापेक्षा' असा अर्थ धरतात. हे दोन मी वहीच्या कव्हरवर लिहिले, म्हणजे रोज दिसतील.

लिहिण्यातलं एक. माझा या अर्थाचा 'मी' असतो त्यावर काही नसतं आणि पारा मी मधल्या 'मी'च्या डोक्यावर तिरकी रेघ असते. तू-चं पण तसंच, कर्ता तू असला की रेघ, तुझा असला की रेघ नाही. एल म्हणजे तो, त्यावर रेघ, आणि नुसता नामाच्या पुढं येणारा एल बिनरेघेचा. मी वहीत त्यांना ह्रस्व-दीर्घ करून टाकलं, माझा तो मि पहिला, माझ्यासाठीतला तो मी दुसरा. खरं तर त्यांच्यात आपल्यासारखं ह्रस्व-दीर्घ नसतं, जोर देण्याचा फरक असतो, पण मला लक्षात राहायला बरं. आणि पारा ती मधल्या 'ती'वर रेघ कधीच नाही, कारण त्याच्यासारखा दुसरा कुणी नाहीच ज्याच्याशी गल्लत व्हावी. (माझी झाली ती वेगळी गोष्ट.) तिकडची माणसं पण मी-वर आहे म्हणून ती-वर ठोकून देतात म्हणे, तर आपण चुकलो तर चुकलो. आणखी बारीक, दे आणि बिनरेघेचा एल जवळ आले की मिसळून देल होतात, पण दे आणि रेघेवाला एल मिसळत नाहीत. त्याचं म्हणजे दे एल, सुटं सुटं. मेलमध्ये हे चुकलं की 'त्याच्याकडून'चं 'अमुकचं' होऊन बसतं आणि पुढचा माणूस वाट बघतो की अमुक म्हणजे काय.

आता सगळ्यात आवडता भाग. आवडण्याचाच. इंग्लिशवाले या ठिकाणी रडतात कारण त्यांच्याकडं माणूस वस्तूला आवडवतो, आय लाईक. स्पॅनिशमध्ये मे गुस्ता एल काफे, म्हणजे मला कॉफी आवडते. मला! कॉफी कर्ता, मी नुसती 'मला'. क्लासमधल्या दिल्ली-बेंगळुरूच्या मंडळींना पण हे समजवायला बाईंनी पाऊण तास घेतला, बाण काढून, उलटी वाक्यं करून, आणि मी आपली शेंगा खात बसले होते कारण माझ्या दृष्टीनं त्यात समजायचं काही नव्हतंच. कुंदा आवडतो, मांडे आवडतात, वस्तू एक असली की आवडतो, अनेक असल्या की आवडतात, त्यांचं पण गुस्ता आणि गुस्तान. मी गृहपाठात लिहिलं, आ मी मे गुस्ता एल कुंदा. बाईंनी विचारलं कुंदा म्हणजे काय. मग पाच मिनिटं दूध आटवून कसं करपवल्यासारखं तांबूस करतात ते सांगितलं, तो एकच असा क्लास ज्यात मी शिकवलं.

त्या वाक्यातला 'आ मी' बघा. मे म्हणजे मला आधीच आलंय, मग आणखी आ मी कशाला, हे परत 'मला'च झालं. तो जोर देण्यासाठी. 'मला बाबा कुंदा आवडतो, तुझं तू बघ.' आणि तिसऱ्या माणसाला तर तो गरजेचाच होतो, कारण ले गुस्ता म्हटलं तर त्याला, तिला, का तुम्हाला हे काहीच कळत नाही, मग आ एल, आ एया, आ उस्तेद लावून मोकळं व्हायचं. पण ते लावलं म्हणून ले काढून टाकायचा नाही, आ एल ले गुस्ता. मी काढायचे, कारण मराठीत एकदाच 'त्याला' म्हटलं की पुरतं. यावर अजून पण चुकते.

आणि मलापण! कुणी म्हणालं मे गुस्ता, तर आपण म्हणायचं आ मी ताम्ब्येन. मलापण. कुणी म्हणालं मी रोज चालायला जातो, तर म्हणायचं यो ताम्ब्येन. मीपण. नकारात आ मी ताम्पोको, मलापण नाही, आणि यो ताम्पोको, मीपण नाही. इंग्लिशमधनं आलेला माणूस दोन्हीकडं 'मी टू' म्हणून गटांगळ्या खातो आणि आपल्या चार वर्षांच्या पोराला विचारा, आइस्क्रीम आवडतं म्हटल्यावर 'मलापण' म्हणेल आणि बागेत जातो म्हटल्यावर 'मीपण' म्हणेल, कधी उलटं नाही. मला वाटतं ही एवढी एक गोष्ट पहिल्याच दिवशी कुणी मराठीतनं सांगितली असती तर माझे तीन महिने वाचले असते.

पारा आणि पोर यांच्यात मात्र अजून माझी खिचडी होते. पारा मी म्हणजे माझ्यासाठी, आणि वाक्याच्या सुरुवातीला आलं तर 'माझ्या मते' पण होतं. पोर मी म्हणजे माझ्यामुळं, माझ्याखातर, आणि 'माझ्याकडनं चालेल' हे पण पोर मी. हे पुढच्या बॅचमध्ये बघू. आणि अर्जेंटिनाच्या गिऱ्हाईकाचं एक एन्क्वायरीचं मेल आलं होतं, तिकडं तू-च्या जागी बोस वापरतात आणि तो कसाही ओढा, बदलतच नाही, पारा बोस, कोन बोस. ना ती, ना तीगो. मला वाटलं आपण ऑर्डर अर्जेंटिनाचीच घ्यायला हवी होती.

गेल्या महिन्यात परत कॉल होता. पर्चेसवाला, पुण्याच्या बाई, आमचे प्रॉडक्शनचे इन्चार्ज, साहेब, सगळे. सॅम्पलचे फोटो स्क्रीनवर. आतल्या बोअरवर, म्हणजे भोकाच्या आतल्या बाजूवर, टूलच्या खुणा दिसत होत्या, इन्चार्ज सकाळपासनं तेच पुसत होते. पर्चेसवाल्यानं फोटो मोठा केला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, "नो मे गुस्ता एल आकाबादो." फिनिश मला आवडलेलं नाही. आणि माझ्या तोंडातनं, कुणी विचारलं नसताना, न अडखळता, न चुकता, अगदी मराठीत आल्यासारखं आलं, "आ मी ताम्पोको."

तो खूश, हसायलाच लागला. पुण्याच्या बाई पण हसल्या.

साहेब म्यूट करून माझ्याकडं वळले. "काय म्हणालात?"

म्हटलं, "मलापण नाही आवडलं."

इन्चार्जनी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे बोलायला पैसे भरून क्लास लावलाईस काय?"